वाचन शिकवणाऱ्याची तयारी: शाळा आणि केंद्र पातळीवर काय करता येईल

प्राथमिक शाळेत वाचन-लेखन शिकवण्यासाठी शिक्षकाजवळ तीन गोष्टी असाव्या लागतात. मराठी लिपीची बारकाईने माहिती, समोरचे मूल नेमके कुठे अडले आहे हे ओळखणारी नजर आणि ते ओळखल्यावर पाठ तिथल्या तिथे बदलण्याचा सराव. पहिली गोष्ट पुस्तकातून किंवा व्याख्यानातून मिळू शकते. उरलेल्या दोन वर्गातच, मुलांच्या समोर आणि जाणत्या सहकाऱ्याच्या सोबतीने अंगवळणी पडतात. शिक्षक-प्रशिक्षणाचे बहुतेक कार्यक्रम पहिल्या गोष्टीपाशी थांबतात. त्यामुळे प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्रे वाटली गेली आणि वर्ग होता तसाच राहिला, असे चित्र पुन्हा पुन्हा दिसते.

यामागचे एक कारण प्रशिक्षणाच्या उतरंडीत आहे. राज्यस्तरावर तयार झालेले सुलभक जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला आणि तालुक्याचे केंद्राला. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात. कृती खाली पोहोचते, पण तिच्यामागचे कारण वाटेत गळते. चित्रगप्पांचेच उदाहरण घेता येईल. चित्रात काय चालले आहे, आधी काय झाले असेल, पुढे काय होईल यावर मुलांनी भरपूर बोलावे, त्यातून शब्दसंग्रह आणि वाक्यरचना वाढावी, हा त्या कृतीचा हेतू. वर्गापर्यंत येताना तिचे रूप अनेकदा असे होते: "हे काय?" "झाड." "हे काय?" "गाय." कृती झाल्याची नोंद होते, पण मुलाच्या तोंडून एक पूर्ण वाक्यही आलेले नसते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी आणि मुख्याध्यापकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा निरंतर व्यावसायिक विकास अपेक्षित धरला आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थासह वाचता यावे हे उद्दिष्ट समोर ठेवले. हे तास आणि हे उद्दिष्ट यांची सांगड शाळेत आणि केंद्रात कशी घालता येईल, याची मांडणी पुढे केली आहे.

शिक्षकाला लिपीविषयी काय माहीत असावे

वाचनाचे दोन भाग असतात. लिहिलेल्या खुणांवरून शब्द उच्चारणे हा एक आणि त्या शब्दांतून अर्थ लावणे हा दुसरा. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये हे नाते गुणाकाराच्या रूपात मांडले. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर गुणाकारही शून्यच येतो. खडाखड वाचणारे पण गोष्ट सांगता न येणारे मूल आणि गोष्ट रंगवून सांगणारे पण अक्षर न ओळखणारे मूल, दोघांचेही वाचन अपुरे आहे. दोघांना लागणारी मदत मात्र पूर्णपणे वेगळी आहे. शिक्षकाच्या तयारीची सुरुवात हा फरक समजून घेण्यापासून होते.

देवनागरी लिपी उच्चारानुसारी आहे, म्हणून मराठी वाचन सोपे, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मराठीतली ३४ व्यंजने आणि बाराखडीची १२ रूपे धरली तरी मुलाला चारशेहून अधिक आकार ओळखावे लागतात. जोडाक्षरे त्यापुढची. भारतीय अक्षरलिपींमध्ये हे सारे आत्मसात व्हायला इंग्रजीतील २६ अक्षरांपेक्षा कितीतरी अधिक काळ, चौथी-पाचवीपर्यंतचा, लागू शकतो, हे सोनाली नाग यांच्या कन्नड वाचनावरील संशोधनातून पुढे आले आहे. मराठी शिक्षकाने त्यातून घ्यायचा बोध असा की पहिलीत 'सगळी बाराखडी पाठ' ही वाचनाची खूण नाही आणि तिसरीतल्या मुलाला जोडाक्षर अडले तर ते 'कच्चे' ठरत नाही.

मुले जिथे हमखास अडखळतात त्या जागा शिक्षकाला आधीच ठाऊक असाव्यात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चार मात्र नंतर होतो. 'कमळ' वाचताना क, म, ळ असे सुटे उच्चार केले तर त्यांची बेरीज 'कमळ' होत नाही, कारण बोलताना 'क-मळ्' असे दोनच तुकडे पडतात. अनुस्वाराचा उच्चार 'पंखा', 'संत' आणि 'आंबा' या तीन शब्दांत तीन प्रकारचा आहे. 'चाक' आणि 'चार' यांतला च वेगळा, 'जाळे' आणि 'जेवण' यांतला ज वेगळा, पण चिन्ह एकच. र तर बहुरूपी आहे: 'सूर्य', 'प्रकाश', 'राष्ट्र' आणि 'सुऱ्या' या चार शब्दांत त्याची चार रूपे दिसतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा, हा फरक एका लहानशा रेघेवर उभा आहे.

अक्षरे कोणत्या क्रमाने घ्यायची, हा यातूनच निघणारा प्रश्न. वर्णमालेच्या क्रमाने गेल्यास महिनोन्महिने मुलाला वाचण्याजोगे काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी थोडी अक्षरे आणि एखादी स्वरचिन्हाची खूण एकदम घेतली तर पहिल्याच पंधरवड्यात शब्द वाचता येतात. क, म, ब, र आणि काना एवढ्यावर काका, मामा, बाबा, काम, मका, बारा, बाक, कर, बरा हे सगळे शब्द तयार होतात. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटण येथे स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि वाडा तालुक्यातील सोनाळे येथून काम करणाऱ्या 'क्वेस्ट' या संस्थेने अशा अक्षरगटांवर आधारलेले काम केले आहे. शिक्षकांच्या गटाने स्वतःच चार अक्षरे निवडून त्यांतून किती शब्द आणि वाक्ये निघतात हे मांडून पाहावे. तासाभराचा हा उपक्रम लिपीविषयी बरेच काही शिकवून जातो.

अक्षरांवर भर देताना अर्थाची बाजू मागे पडण्याचा धोका असतो. कर्नाटकातील यादगीर आणि महाराष्ट्रातील वाडा येथे शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या इयत्तांतील मुलांच्या वाचन-लेखनाचा तीन वर्षे पाठपुरावा केला. या इयत्तांत चर्चा, अर्थ लावणे आणि मनातले लिहिणे यांना फारच थोडी जागा मिळते, असे त्यातून दिसले. 'आधी अक्षरे पक्की होऊ देत, गोष्टी नंतर' हा क्रम सोडला पाहिजे. रोजच्या भाषेच्या वेळेत चार कामांना जागा असावी: मुलांना वाचून दाखवणे आणि त्यावर बोलणे, अक्षर-शब्दांचे काम, मदतीने किंवा जोडीने वाचणे आणि लिहिणे.

एका मुलाचे वाचन ऐकणे

शिक्षकाची नजर तयार करण्याचे सर्वांत स्वस्त आणि प्रभावी साधन म्हणजे वाचनाची नोंद. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत मूल मोठ्याने वाचत असताना शिक्षक उताऱ्याच्या आपल्या प्रतीवर खुणा करतो. बरोबर शब्दाला टिंब, चुकलेल्या शब्दावर मुलाने जे म्हटले ते जसेच्या तसे, स्वतःच सुधारले तर 'स्व', थांबले तर आडवी रेघ. वाचून झाल्यावर गोष्टीविषयी दोन-तीन प्रश्न. दर शंभर शब्दांत ९५ किंवा अधिक बरोबर असतील तर तो मजकूर मूल एकट्याने वाचू शकते. ९० ते ९४ असतील तर शिक्षकाच्या मदतीने शिकण्यासाठी तो योग्य. ९० पेक्षा कमी असल्यास मजकूर अवघड आहे, सोपा द्यावा.

आकड्यापेक्षा चुकांचे स्वरूप अधिक सांगून जाते. समजा, दुसरीच्या वर्गात पाच मुलांनी हा मजकूर वाचला: 'आजीने अंगणात पाणी शिंपडले. कोंबडी पिलांना घेऊन बाहेर आली. आजीने दाणे टाकले.'

पहिल्या मुलाने 'शिंपडले'ऐवजी 'शिपडले' वाचले. त्याचे लक्ष अनुस्वाराकडे जात नाही. त्याच्यासाठी 'चिच-चिंच', 'आबा-आंबा' अशा जोड्यांचे काम हवे. दुसऱ्या मुलीने 'पिलांना'ऐवजी 'पिल्लांना' म्हटले आणि ती पुढे गेली. अर्थ शाबूत आहे, तिला मध्येच अडवू नये. तिसऱ्याने 'पाणी'ला 'पानी' म्हटले. त्याच्या घरी तसेच बोलतात. ही वाचनाची चूकच नव्हे आणि ती चूक म्हणून मोजूही नये. चौथ्याने 'अंगणात'ऐवजी 'अंगात' वाचले आणि तोही पुढे गेला. शब्दाचे पहिले अक्षर पाहून त्याने अंदाज बांधला, पण अर्थाशी पडताळून पाहिला नाही. "अंगात पाणी शिंपडले? असे कधी होते का?" एवढा एक प्रश्न त्याला मागे वळायला लावतो. पाचव्या मुलीने सगळे अचूक वाचले, पण दाणे कोणी टाकले हे तिला सांगता आले नाही. तिची सगळी शक्ती अक्षरे जुळवण्यात गेली. तिला सोपा मजकूर पुन्हा पुन्हा वाचायला आणि त्यावर बोलायला मिळाले पाहिजे.

पाच मुलांच्या पाच वेगळ्या गरजा एकाच 'वाचता येते / येत नाही' या रकान्यात कोंबल्या की शिक्षकाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून प्रशिक्षणात पद्धतींची यादी सांगण्याआधी अशा नोंदी करण्याचा सराव द्यावा. मोबाइलवर मुलाचे वाचन ध्वनिमुद्रित करून, पालकांना आणि मुलाला विश्वासात घेऊन, ते सर्व शिक्षकांनी एकत्र ऐकावे आणि प्रत्येकाने स्वतंत्र नोंद करावी. एकाच वाचनाच्या दहा नोंदी वेगळ्या निघतात, तेव्हा खरी चर्चा सुरू होते.

पन्नास तासांची विभागणी

वर्षभरात वाचन-लेखनाचा एकच धागा धरावा. जूनमध्ये वाचन, जुलैमध्ये गणित, ऑगस्टमध्ये परसबाग असे विषय बदलत राहिले तर काहीच मुरत नाही. ५० तास पुढीलप्रमाणे वाटता येतील:

- कार्यशाळा: २ दिवस, प्रत्येकी ६ तास. एकूण १२ तास.
- केंद्राची शिक्षण परिषद: ८ बैठका, प्रत्येकी २ तास. एकूण १६ तास.
- शाळेतली साप्ताहिक बैठक: २४ बैठका, प्रत्येकी अर्धा तास. एकूण १२ तास.
- पाठ पाहणे आणि त्यावर चर्चा: ६ वेळा, प्रत्येकी १ तास. एकूण ६ तास.
- स्वतःचे वाचन आणि दीक्षासारख्या मंचावरील अभ्यासक्रम: ४ तास.

कार्यशाळेचे दोन दिवस सलग घेऊ नयेत. पहिला शाळा सुरू झाल्यावर लगेच आणि दुसरा दिवाळीच्या सुटीनंतर ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी शिक्षक वर्गातले प्रश्न घेऊन येतात. विषयांची मांडणीही सत्रांनुसार करता येते. जून-जुलैमध्ये मुलांचे बोलणे, ऐकणे आणि प्रत्येकाच्या वाचनाची पहिली नोंद. ऑगस्ट ते ऑक्टोबर अक्षरगट, शब्द आणि स्वरचिन्हे. नोव्हेंबर ते जानेवारी मदतीने वाचन आणि लेखन. फेब्रुवारीपासून मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळे गट आणि वर्षाचा आढावा.

शिक्षण परिषद कशी चालवावी

महाराष्ट्रात १९९० च्या दशकापासून जवळपासच्या शाळा मिळून एक केंद्र आणि त्याला एक केंद्रप्रमुख अशी रचना आहे. केंद्रातल्या शिक्षकांनी दरमहा एकत्र येण्याची सोय या रचनेत आयतीच आहे. ती वाया जाते ती बहुधा एकाच कारणाने: वेळ परिपत्रके वाचण्यात आणि माहितीचे तक्ते गोळा करण्यात संपतो. जी माहिती लेखी पाठवता येते ती पाठवून द्यावी आणि बैठकीत फक्त एकत्र बसूनच होणारी कामे घ्यावीत.

दोन तासांचा क्रम असा ठेवता येतो. पहिली २० मिनिटे मागच्या महिन्यात ठरलेली कृती वर्गात करताना काय झाले, यासाठी. त्यात फसलेले प्रयोग आधी घ्यावेत, कारण शिकण्यासारखे तिथेच जास्त असते. पुढची ३० मिनिटे मुलांच्या लेखनाचे किंवा वाचनाचे नमुने पाहण्यासाठी. नंतरची ४० मिनिटे एका छोट्या पाठाचा प्रत्यक्ष सराव: एक शिक्षक शिकवतो, बाकीचे मुले होतात. त्यानंतर २० मिनिटे पुढच्या महिन्यात प्रत्येकाने कोणती एक गोष्ट करायची हे लिहून घेण्यासाठी आणि शेवटची १० मिनिटे प्रशासकीय सूचनांसाठी.

नमुने पाहताना घाई करू नये. एखाद्या मुलीच्या वहीत 'मि बजरत गेले' असे लिहिलेले असते. लाल शाईच्या दृष्टीने ती तीन शब्दांतली चार चुकांची ओळ आहे. बारकाईने पाहिले तर तिला वाक्य रचता येते, सगळी व्यंजने अचूक आहेत, वेलांटी आणि मात्राही तिने वापरली आहे, फक्त काना तिन्ही ठिकाणी सुटला आहे आणि वेलांटी ऱ्हस्व झाली आहे. पुढचा पाठ काय घ्यायचा, हे तिने स्वतःच लिहून दिले आहे. 'या मुलाला काय येते?' हा प्रश्न 'काय चुकले?' याच्या आधी विचारण्याची शिस्त परिषदेत पाळली, तर ती हळूहळू वर्गातही उतरते.

पाठ पाहणे आणि त्यावर बोलणे

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणाच्या परिणामांचा अभ्यास केला. सिद्धान्त सांगणे, प्रात्यक्षिक दाखवणे आणि सराव करून घेणे यांनी शिक्षकाचे ज्ञान वाढते, पण ते वर्गात उतरते ते प्रामुख्याने पुढची सोबत मिळाली तर, असा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. जपानमध्ये शिक्षकांचा गट एकच पाठ मिळून आखतो, एकजण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहत नोंदी घेतात आणि मग पाठ सुधारून पुन्हा शिकवला जातो. दोन्हींचा मथितार्थ एकच: शिक्षकाने एकट्याने शिकायचे नसते.

केंद्रप्रमुखाची किंवा मुख्याध्यापकाची वर्गभेट तपासणी होऊ नये, यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात. भेटीआधी शिक्षकाशी बोलून काय पाहायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. वर्गात मागे बसून मते न लिहिता घडलेले तसेच लिहावे: कोणी काय विचारले, कोणते मूल काय म्हणाले, कोण गप्प राहिले. भेटीनंतर त्याच दिवशी वीस मिनिटे बसावे आणि सुरुवात नोंदीतल्या एखाद्या प्रसंगाने करावी. या चर्चेतले काहीही गोपनीय अहवालात जाणार नाही, हे आधी सांगावे आणि पाळावे.

चांगली चर्चा कशी असते, हे एका नमुन्यावरून दिसेल. दुसरीत 'पाखरू' हा शब्द फळ्यावर होता.

"मॅडम, 'पाखरू' वाचताना मागच्या रांगेतली चार मुलं गप्पच होती. त्यांना काय अडलं असेल?"

"ऊकार झालाय सर त्यांचा. परवाच घेतला होता."

"कोणत्या अक्षरांवर घेतला होता?"

"क, म, त..." शिक्षिका थांबतात. "पण सर, त्या सगळ्यांना ऊकार खाली लागतो. र ला तो कुशीत लागतो. मुलांनी हा आकार पाहिलेलाच नाही."

"मग उद्या काय करता येईल?"

"'रु' आणि 'रू' वेगळे काढून दाखवते. रुमाल, रुपया, तारू, वासरू."

केंद्रप्रमुखाने इथे एकही सूचना दिली नाही. त्याने जे पाहिले ते सांगितले आणि शिक्षिकेला विचार करायला वेळ दिला. पुढच्या भेटीत त्याच चार मुलांजवळ बसून 'रू' वाचून घेतला की ही साखळी पूर्ण होते. एका केंद्रातल्या सर्व शिक्षकांना एकाच वेळी अशी सोबत देणे शक्य नसते. एका सत्रात चार-पाच शिक्षक निवडून प्रत्येकाच्या वर्गात तीनदा जाणे हे सर्वांकडे एकदा धावती भेट देण्यापेक्षा उपयोगाचे ठरते. उरलेल्यांनी शाळेतच जोड्या करून एकमेकांचे पाठ पाहावेत.

मुख्याध्यापकाचे काम

द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक स्वतःच दोन-तीन इयत्ता सांभाळत असतो. तरीही चार गोष्टी त्याच्याच हातात असतात.

पहिली, वेळ. सकाळचा भाषेचा वेळ सलग मिळाला पाहिजे. माहिती भरणे, दूरध्वनी, शालेय पोषण आहाराचा हिशेब यांसाठी या वेळेत शिक्षकाला वर्गाबाहेर बोलावायचे नाही, असा नियम शाळेने ठरवावा. निवडणूक आणि सर्वेक्षणाची कामे टाळता येत नाहीत, पण त्या काळात वर्ग कोण सांभाळेल हे आधी ठरवता येते.

दुसरी, पुस्तके. अनेक शाळांत चांगली चित्रपुस्तके कपाटात कुलूपबंद असतात, कारण फाटलेल्या पुस्तकाचा जाब साठा नोंदवहीवरून विचारला जाईल अशी धास्ती असते. हाताळून जीर्ण झालेली पुस्तके रीतसर निर्लेखित करण्याची सोय असते, हे मुख्याध्यापकाने शिक्षकांना सांगावे आणि पुस्तके दोरीवर, मुलांच्या हाताच्या उंचीवर टांगावीत. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची मराठी बालपुस्तके आणि 'स्टोरीवीव्हर'वर मोफत मिळणाऱ्या मराठी गोष्टी हाताशी ठेवाव्यात. थोड्या मोठ्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे' उपयोगी पडते.

तिसरी, स्वतःचा सहभाग. मुख्याध्यापकाने आठवड्यातून एकदा एखाद्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवावी आणि तो पाठ सहकाऱ्यांना पाहू द्यावा. आपल्या पाठावर इतरांना बोलू देणारा मुख्याध्यापक असेल, तर शिक्षकही आपला वर्ग मोकळेपणाने उघडतात.

चौथी, साप्ताहिक अर्धा तास. शनिवारी शाळा सुटल्यावर बसायचे आणि फक्त मुलांविषयी बोलायचे: या आठवड्यात कोणती तीन मुले पुढे सरकली, कोणती तीन अडली.

बहुवर्ग आणि घरची भाषा

एकाच खोलीत पहिली ते चौथी असलेल्या शाळेत इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गट केले तर काम सोपे होते. शिक्षकाला लागणारे कौशल्य म्हणजे एका गटाला शिकवताना बाकीच्यांना स्वतःहून करता येईल असे अर्थपूर्ण काम देणे. पाटीवर दहा वेळा तेच अक्षर गिरवणे हे असे काम नव्हे. जोडीने पुस्तक वाचणे, ऐकलेल्या गोष्टीचे चित्र काढून त्याखाली लिहिणे, शब्दपट्ट्यांतून वाक्य जुळवणे ही कामे त्यासाठी आधी शिकवून ठेवावी लागतात. त्यांचा सरावही शिक्षण परिषदेत व्हावा.

मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी, नंदुरबारमधील भिली आणि पावरी, पालघरमधील वारली आणि कातकरी बोलणाऱ्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकातली मराठी ही शाळेत भेटणारी नवी भाषा असते. बदलीने आलेल्या शिक्षकाला ती बोली येत नसते. अशा वेळी पहिल्या दोन महिन्यांत गावातले शंभर नित्याचे शब्द आणि वीस वाक्ये गोळा करण्याचे काम शिक्षकाने स्वतःसाठी घ्यावे. अंगणवाडी सेविका, पालक आणि वरच्या इयत्तेतील मुले यात गुरू होतात. मुलाने घरच्या भाषेत सांगितलेली गोष्ट देवनागरीत फळ्यावर लिहून ती त्याच्याकडून वाचून घेतली की लिहिलेले म्हणजे बोललेलेच, हे त्याला उमगते. मराठीकडे नेणारा पूल तिथून बांधला जातो.

ऊसतोड, वीटभट्टी अशा कामांसाठी होणाऱ्या स्थलांतराचाही विचार करावा लागतो. मूल चार-पाच महिन्यांनी परतते तेव्हा इयत्तेचा धडा पुढे गेलेला असतो. त्याला थेट त्या धड्यावर न बसवता परतल्याच्या पहिल्या आठवड्यात वाचनाची नवी नोंद करावी आणि तिथून सुरुवात करावी.

परिणाम कसा पाहावा

प्रशिक्षणाला किती जण हजर होते, यावरून त्याचा परिणाम कळत नाही. तो तीन ठिकाणी पाहावा. शिक्षकाला काय नव्याने कळले, वर्गात काय बदलले आणि मुलांच्या वाचनात काय फरक पडला. पहिल्यासाठी एखाद्या वाचननोंदीचा अर्थ लावायला सांगणे हे पाठांतराच्या प्रश्नपत्रिकेपेक्षा चांगले. दुसऱ्यासाठी साध्या खुणा पुरेशा असतात: रोज वाचून दाखवले जाते का, मुले किती बोलतात, वह्यांत फळ्यावरून उतरवलेल्या मजकुराशिवाय स्वतःचे लेखन किती आहे.

तिसऱ्यासाठी जून, नोव्हेंबर आणि मार्च अशा तीन वेळच्या नोंदी ठेवाव्यात. 'असर' पाहणीतील अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट या पातळ्या शाळाभराचे चित्र पटकन दाखवतात, पण मूल का अडले हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी वाचननोंदच हवी. निपुण भारतमध्ये तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचणे अपेक्षित आहे. यातले 'अर्थासह' सोडून 'मिनिटाला ६०' तेवढे धरले, की मुले घड्याळाशी शर्यत लावू लागतात आणि विरामचिन्हे, अर्थ, आनंद सगळे तुडवले जाते. म्हणून वेग मोजला त्या प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत, एक मजकुरात थेट उत्तर असलेला आणि एक विचार करून सांगायचा.

वर्षाच्या शेवटी एक काम हमखास राहून जाते. प्रत्येक मुलाच्या तीन वाचननोंदी, लेखनाचे दोन नमुने आणि शिक्षकाच्या चार ओळी एका पाकिटात घालून पुढच्या वर्गशिक्षकाकडे द्याव्यात. उन्हाळ्यात बदल्या होतात, जूनमध्ये नवा शिक्षक येतो आणि मुलांची पुन्हा शून्यापासून चाचपणी सुरू होते. हे पाकीट हाती असले तर त्याला पहिल्याच आठवड्यात कळते की चौथ्या बाकावरचा मुलगा शब्दाचे पहिले अक्षर पाहून अंदाज बांधतो आणि खिडकीजवळची मुलगी सगळे वाचते, पण तिला गोष्टीवर बोलायला लावावे लागते.